शाल, श्रीफळ आणि एक नाव

काटोल
१९ फेब्रुवारी २०२४

चि. ऋषिकेश,
अनेक आशीर्वाद.

सत्कार नीट पार पडला. शाल उबदार आहे. नारळाच्या वड्या केल्या. भाषणं लांबली, पण पंच्याहत्तरीला आलेल्या बाईसमोर लोक लांबच बोलतात, त्याला इलाज नाही. जुन्या विद्यार्थ्यांना कुठून कुठून गोळा केलंस, याचं कौतुक आहे. ते लिहून झालं.

आता दुसरं. शाल आणि श्रीफळाबरोबर तू मला काचेच्या चौकटीत एका शोधनिबंधाचं पहिलं पान दिलंस. रामटेक भागातल्या धानाच्या बांध्यांत उगवणाऱ्या तणांच्या बिया, असा विषय. लेखक दोन. पहिला तू, दुसरी मी. निवेदकाने नावं वाचली तेव्हा टाळ्या पडल्या असं भाचसून भावना सांगते. टाळ्यांनी माझ्या कानाचं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून मी ते काढून पदरात बांधलं होतं. काय मिळालं ते मला घरी आल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण छापील निबंधावर माझं नाव कधी आलं नव्हतं. भावनाला सांगून भिंतीत खिळा ठोकून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून इंटरनेटवरची उरलेली पानं काढून आणली आणि वाचली. निबंध चांगला आहे. फारच चांगला आहे. म्हणूनच विचारते. या बियांच्या आकृत्या कुणी काढल्या? बारीक ठिपक्यांनी छटा दिली आहे, एक ठिपका वावगा नाही. तू बी.एस्सी.ला असताना तुझ्या हातून कांद्याची साल धड निघत नव्हती. मी तर रामटेकला शेवटची गेले ती भाच्याच्या नवसाला, बांधीच्या चिखलात पाय टाकला नाही. मग मी यात काय केलं? माझ्या नावाखाली ई-मेलचा पत्ता छापला आहे. माझ्याकडे ई-मेल नाही. तो कुणाचा? आणि शेवटी आभारात ‘कु. अपेक्षा गजभिये, बियांच्या संकलनातील मदतीबद्दल’ अशी ओळ आहे. ही कोण?

फोन करू नको. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू गोड बोलून भरून काढतोस. लिही.

सुभद्रा काळबांडे

•

नागपूर
२७ फेब्रुवारी २०२४

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

आपलं पत्र विभागात सगळ्यांना दाखवलं. पंच्याहत्तराव्या वर्षी असं अक्षर! आजच्या मुलांना लाज वाटावी.

मॅडम, आपण विचारता की आपण यात काय केलं. बी हातात घेऊन आधी नुसती बघायची, नाव नंतर, हे मला कुणी शिकवलं? आपण. त्या अर्थाने या निबंधाची प्रत्येक ओळ आपली आहे. माझा पहिला निबंध, संत्र्याच्या डिंक्या रोगावरचा, आपण शब्द न् शब्द तपासलात आणि स्वतःचं नाव घालू दिलं नाहीत. आपल्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत हेच झालं. आम्ही सगळे डॉक्टर झालो, प्राध्यापक झालो आणि आपलं नाव कुठेच नाही. ही सल माझ्या मनात होती. शाल-श्रीफळ कुणीही देतं. मला आपल्याला आपलं नाव द्यायचं होतं.

ई-मेल म्हणजे केवळ तांत्रिक बाब. लेखकाचा पत्ता दिल्याशिवाय नियतकालिक पुढे जात नाही, म्हणून विभागातून एक काढून घेतला. अपेक्षा गजभिये ही विद्यार्थिनी काही काळ बिया गोळा करायला होती, मधेच गावी निघून गेली. आकृत्या विभागात तयार झाल्या. तिची नोंद आभारात रीतसर घेतली आहे.

आपण निश्चिंत असावं. चौकट कुठे लावली? फोटो पाठवायला भावनाताईंना सांगावं.

आपला आज्ञाधारक,
ऋषिकेश चरपे

•

नंदनवन, नागपूर
१४ मार्च २०२४

सुभद्रा काळबांडे मॅडम,
नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या सत्काराच्या पत्रिकेवरून पत्ता घेतला.

मी अपेक्षा गजभिये. चरपे सरांकडे पीएच.डी. करते. रामटेकच्या अलीकडे आमचं गाव आहे. आमच्या आणि शेजारच्यांच्या बांध्यांतून मी तणांच्या बिया गोळा केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांच्या आकृत्या काढल्या. त्या तीन हंगामांचं काम तुमच्या नावाने छापून आलं आहे. तुमचा सत्कार झाला, अभिनंदन.

माझं काय झालं तेही ऐका. मी प्रबंध तपासणीसाठी दिला. कुणाचं चोरलं आहे का हे आता संगणक बघतो. त्याने सांगितलं की माझं तिसरं प्रकरण आणि सगळ्या आकृत्या चरपे आणि काळबांडे यांच्या निबंधातून उचललेल्या आहेत. आता चौकशी समिती बसणार आहे. चोरी ठरली तर माझी नोंदणी रद्द होईल.

बाबा आजारी होते म्हणून मी दिवाळीत गावी होते. तेव्हा सर म्हणाले, आकृत्या आणि मजकूर पाठव, एकदा नजर घालतो. मी पाठवला. छापून आल्यावर विचारलं तर म्हणाले, हा मॅडमच्या सत्कारासाठी होता, पुढचा तुझ्या नावाने काढू.

आईला सांगितलं तर म्हणाली, “काहून वं, तुह्यं काम अन् तुलेच चोर म्हणून राहिले?” उत्तर तुमच्याकडे मागते. तुम्हाला देता येत असेल तर द्या. तुम्ही इतक्या मोठ्या बाई, तुम्हाला माझ्या बियांची काय गरज पडली?

अपेक्षा गजभिये

•

काटोल
१८ मार्च २०२४

अपेक्षास,
आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे, पण पत्ता अर्धाच बरोबर आहे. माझं नाव त्या निबंधावर मला न विचारता आलं. सत्काराच्या दिवशी आलं आणि मला आवडलंसुद्धा. नंतर मी निबंध वाचला.

तू म्हणतेस काम तुझं. ऋषिकेश म्हणतो विभागाचं. मी दोघांचंही ऐकून विश्वास ठेवणारी नाही. सोबतच्या पुडीत आमच्या घरचा तांदूळ निवडताना निघालेल्या बिया आहेत. त्यांची नावं लिही आणि एकेकीची आकृती काढून पाठव. खोडून पुन्हा काढलीस तर खोडलेलीच पाठव, नवीन कागद घेऊ नको.

समिती कधी आहे आणि तिच्यात कोण आहे, तेही कळव. उगाच रडत बसू नको. जेवत जा.

सुभद्रा काळबांडे

•

नंदनवन, नागपूर
२६ मार्च २०२४

मॅडम,
नमस्कार.

आकृत्या सोबत आहेत. काळी, एका बाजूने चपटी ती सावा. सुरकुतलेली, खाचखळग्यांची ती केना. ती काढायला सगळ्यात अवघड, दोनदा खोडली आहे, तुम्हाला दिसेलच. तिसरी तणाची बी नाही. ती तुमच्या डब्यातला राजगिरा आहे आणि तो तुम्ही मुद्दाम टाकला. मला राग आला, मग हसू आलं.

तुमच्याबद्दल मी जे लिहिलं ते तसं लिहायला नको होतं.

समिती ६ मेला दुपारी आहे. अध्यक्ष कामिनी बुटे मॅडम, दुसऱ्या कॉलेजच्या आहेत. मी सरांचं नाव घेऊन तक्रार केलेली नाही. प्रबंध पुढे जायला गाइडची सही लागते. सही करणारा हात त्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट कळली. छापण्याआधी लेखकांनी हक्क नियतकालिकाकडे दिल्याचा कागद भरावा लागतो. तो सरांनी दोघांच्या वतीने भरला. म्हणजे माझ्या आकृत्या आता त्यांच्या मालकीच्या. मला माझ्याच प्रबंधात त्या वापरायच्या तर आधी लेखकांची लेखी संमती हवी, मग नियतकालिकाची. माझीच केन्याची बी काढायला मला तुमची परवानगी लागते, मॅडम. हे मी कुणाला सांगू तर लोक मला वेडी म्हणतील.

अपेक्षा

•

काटोल
१ एप्रिल २०२४

ऋषिकेश,

आकृत्या विभागात तयार झाल्या, असं तू लिहिलंस. त्या अपेक्षाने काढल्या. मी तिच्याकडून काढून घेतल्या आणि छापलेल्या आकृत्यांशेजारी ठेवून भिंग लावून बघितल्या. ठिपक्यांची चाल तीच. ती मधेच निघून गेली असंही तू लिहिलंस. बाप आजारी म्हणून मुलगी दिवाळीत घरी गेली, याला निघून जाणं म्हणत नाहीत. एका पत्रात दोन खोटी वाक्यं. तुझ्याकडून आजवर मला एकही आलं नव्हतं, किंवा आलेलं मला कळलं नव्हतं.

तुझ्या मनातली सल मी पुन्हा पुन्हा वाचली. तू समजतोस की मी तुमच्या निबंधांवर नाव घातलं नाही, तो माझा त्याग होता आणि त्याची परतफेड राहिली आहे. अरे, तो त्याग नव्हता. डिंक्याच्या झाडांखाली उन्हात तू बसलास, मी नाही. मी तुझी वाक्यं सुधारली, त्याचा मला कॉलेज पगार देत होतं. नाव घातलं नाही कारण काम माझं नव्हतं. इतकं साधं होतं आणि तू एवढी वर्षं त्यात मोठेपणा बघत राहिलास. मी कधी स्पष्ट बोलले नाही, कारण स्पष्ट बोलण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

आता काय करायचं ते ऐक. नियतकालिकाला तू स्वतः लिही. पहिलं नाव अपेक्षा, दुसरं तुझं राहणार असेल तर तू काय केलंस ते त्यात सांग. माझं नाव काढ. समितीच्या आधी तसं पत्र समितीकडे जाऊ दे. महिना आहे. तू केलंस तर मी गप्प. नाही केलंस तर मी लिहीन आणि मी काही वगळत नाही, हे तुला माहीत आहे.

चौकट भिंतीवरून उतरवली.

सुभद्रा काळबांडे

•

नागपूर
९ एप्रिल २०२४

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

आपल्या पत्रानंतर मी आजारी पडल्यासारखा झालो. आपण मला रागावलात, तो आपला अधिकार. पण जग कसं चालतं हेही आपण बघावं. विद्यार्थी काम करतो, गाइडचं नाव पहिलं येतं, ही सगळीकडची रीत आहे. माझ्या गाइडने माझं केलं, मी तक्रार केली नाही. जूनमध्ये माझी प्रोफेसर पदाची मुलाखत आहे. निबंध मागे घेतला गेला तर मुलाखत संपली आणि अपेक्षाच्या प्रबंधावरही मागे घेतलेल्या निबंधाचा डाग राहील.

आणि मॅडम, लिहू नये पण लिहितो. लोक मलाच बोलणार नाहीत. म्हणतील, भर सभेत चौकट घेताना बाईंना ठाऊक नव्हतं? टाळ्या घेतल्या आणि आता विद्यार्थ्याला पुढे करतात. या वयात आपल्याला हे ऐकावं लागू नये.

यातून सोपा मार्ग आहे. सोबत एका ओळीचं पत्र टाइप करून पाठवतो. ‘सहलेखक या नात्याने सदर आकृत्या प्रबंधात वापरण्यास माझी संमती आहे.’ आपण सही करावी. मीही करतो. नियतकालिकाची परवानगी मी आणतो. चोरीचा प्रश्नच मिटतो, अपेक्षाचा प्रबंध पुढे जातो, कुणाचंच नुकसान नाही. मी तिला हे बोललो आहे. तीही तयार आहे.

आपला,
ऋषिकेश

•

नंदनवन, नागपूर
१३ एप्रिल २०२४

मॅडम,

सरांनी तुम्हाला संमतीचा कागद पाठवला असेल. कृपा करून सही करा.

मला माहीत आहे हे बरोबर नाही. पण माझा दादा धम्मदीप गेली पाच वर्षं घर सांभाळतो आहे ते मी डॉक्टर होईन म्हणून. बाबा गावात सांगून बसले आहेत. मला पहिलं नाव नको. मला फक्त चोर ठरायचं नाही. तुमच्या एका सहीने ते होतं.

अपेक्षा

•

काटोल
१७ एप्रिल २०२४

अपेक्षास,
आशीर्वाद.

सही करणार नाही.

कागद दोन दिवस टेबलावर ठेवला होता. पेन उघडलं होतं, हेही सांगते, कारण तुझं पत्र वाचून मला झोप लागली नाही. पण सही केली की मी लेखक झाले, खऱ्याखुऱ्या शाईने. आत्तापर्यंत ते मला न विचारता झालं, पुढे ते माझ्या हाताने होईल. आणि तू? तू माझ्या मेहेरबानीने तुझंच काम वापरणारी मुलगी होशील. उद्या नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारेल, या आकृत्या काळबांडेबाईंच्या ना? तू हो म्हणशील की नाही म्हणशील? हो म्हटलंस तर खोटं आणि नाही म्हटलंस तर माझी सही तुला खोटं पाडेल.

यात तुझं नुकसान होऊ शकतं. ते मला दिसतं. तुझ्या वयाची असते तर मीही सहीच मागितली असती. पण तुला चोर ठरवू देणार नाही, एवढं माझ्या अंगावर घेते.

६ मेला मी येते. काटोलहून सकाळची बस. तू मला स्टँडवर घ्यायला येऊ नको, समितीने आपल्याला एकत्र उतरताना बघायला नको. कामिनी बुटेंना वेगळं पत्र टाकलं आहे की निबंधावरचा दुसरा लेखक हजर राहील आणि सूक्ष्मदर्शक, कागद आणि पेन्सिली टेबलावर ठेवाव्यात.

सुभद्रा काळबांडे

•

काटोल
८ मे २०२४

ऋषिकेश,

पत्राला आशीर्वाद लिहिलेला नाही, तो राहून गेलेला नाही.

परवा मी समितीपुढे सांगितलं की मी या निबंधाची लेखक नाही आणि बोलण्यावर जाऊ नका, काढून बघा. आधी मीच बसले. केन्याची बी भिंगाखाली ठेवली आणि काढली. हात कापतो, डोळ्यांना कड दिसत नाही. जे निघालं ते भिजलेल्या हरभऱ्यासारखं होतं. मी तो कागद अध्यक्षांच्या हातात दिला आणि म्हटलं, हे माझं, छापलेल्याशी जुळवा. कुणीतरी हसलं. हसू दे. मग अपेक्षा बसली. तिची निघाली तशीच जशी छापली आहे.

मग मी पेन्सिल तुझ्यापुढे सरकवली. “काढ ना गा, तू पहिला लेखक आहेस.” तोपर्यंत त्या कूलरच्या घरघरीने यंत्र इतकं किंचाळत होतं की मी ते काढून टेबलावर ठेवलं. तू पेन्सिल उचलली नाहीस. उठलास. खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोललास, माझ्याकडे पाठ करून, आणि निघून गेलास. वीस वर्षं माझ्या घरी जेवलेला मुलगा माझ्याकडे तोंड करून एक वाक्य बोलू शकला नाही.

बाहेर आल्यावर अपेक्षा काहीतरी सांगत होती, पण ती रडत होती. रडणाऱ्या माणसाचं मला यंत्र लावूनही समजत नाही. बस सुटत होती. निर्णय लेखी कळवू असं बुटेबाईंनी कागदावर लिहून दाखवलं.

तू काय बोललास याचा मला अंदाज आहे. काम विभागाचं, बाई म्हाताऱ्या झाल्या, त्यांचं मनावर घेऊ नका. असंच ना? नियतकालिकाला मी उद्या लिहिते. गुरुपौर्णिमेला येऊ नको. इकडचा रस्ता तुला बंद.

सुभद्रा काळबांडे

•

रामटेक
१५ मे २०२४

आदरणीय मॅडम,
सप्रेम जयभीम.

मी गावी घरी आले आहे, पत्र रामटेकहून टाकते, म्हणून उशीर. निर्णय आला. माझ्यावरचा चोरीचा आरोप रद्द. नवीन गाइड मिळणार. आईने शेजारच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं आणि मग मला विचारलं, “पण ती काटोलची बाई कोण वं? आपली काही लागते का?”

मॅडम, चरपे सरांनी मला तुमचं ८ तारखेचं पत्र दाखवलं. ते कुणाला दाखवत नाहीत, मी विभागात कागद आणायला गेले होते, ते तसेच बसले होते, पत्र टेबलावर होतं. म्हणाले, “मॅडमने बरोबर लिहिलं आहे, तू काही कळवू नको.” पण तुम्हाला जे ऐकू आलं नाही ते मी लिहिते आहे.

तुम्ही यंत्र काढून ठेवलंत तेव्हा सर उठले. बुटे मॅडमना विचारलं, “त्यांनी यंत्र काढलं ना जी? आता त्यांना ऐकू येत नाही ना?” बुटे मॅडम हो म्हणाल्या. सर म्हणाले, “मग बोलतो. त्यांच्या कानावर पडत असताना माझ्याकडून हे निघत नव्हतं.” आणि खिडकीकडे बघत सगळं सांगितलं. “बिया अपेक्षाच्या, आकृत्या अपेक्षाच्या, मांडणी अपेक्षाची, मी इंग्रजी सुधारलं. मॅडमना न विचारता नाव टाकलं, ई-मेल मी काढला, हक्काच्या कागदावर त्यांच्या वतीने मी सही केली.”

बुटे मॅडमनी विचारलं, “काहून केलं सर हे?”

ते म्हणाले, “मॅडमचं नाव कुठंच छापून आलं नव्हतं जी.” मग म्हणाले, “अन् मले प्रोफेसर व्हायचं होतं. हे आधी सांगायला पाहिजे होतं.”

तसं लिहून दिलं, सही केली आणि गेले. जाताना तुमचं यंत्र टेबलाच्या कडेला आलं होतं, ते त्यांनी आत सरकवलं. बाहेर मी तुम्हाला हेच सांगत होते. मला रडू आवरत नव्हतं, ते माझ्या सुटकेचंही होतं.

नियतकालिकाला त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. मुलाखतीचा अर्जही मागे घेतला, असं विभागात म्हणतात. मला विचाराल तर माझा राग अजून गेलेला नाही. तीन हंगाम सोपे नसतात. पण ते बोलले ते त्यांनी बोललेलं आहे. ज्याचं त्याच्या नावावर, हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून लिहिलं.

प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव लिहिलं तर चालेल का?

तुमची,
अपेक्षा

•

काटोल
१२ जुलै २०२४

चि. ऋषिकेश,
अनेक आशीर्वाद.

अपेक्षाचं पत्र मेमध्येच आलं. उत्तर लिहायला इतका वेळ लागला, कारण आधी जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं आणि मला त्याची सवय नाही. ८ मेचं पत्र फाडून टाक. मी ऐकलं नव्हतं तरी ऐकल्यासारखं लिहिलं. वर्गात एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

याने तू केलेलं पुसलं जात नाही. तुझी मुलाखत गेली, त्याबद्दल मी हळहळणार नाही. त्या मुलीचं गेलं असतं तर काय गेलं असतं, हे तू आणि मी दोघांनाही माहीत आहे. मी ऐकत नसतानाच तुला खरं बोलता आलं, याचा मी बरेच दिवस विचार केला. त्यात तुझा दोष किती आणि माझा किती, हे मला अजून लावता आलेलं नाही.

दुरुस्ती छापून आली. अपेक्षाने प्रत पाठवली. पहिलं नाव तिचं, दुसरं तुझं, आकृत्यांखाली ‘रेखाटन : अपेक्षा गजभिये’, आणि माझं नाव कुठेच नाही. वाचून बरं वाटलं. आभारात माझं नाव घालायचं का असं ती विचारत होती. तिला कळवलं की घालायचं तर ‘काटोलहून बसने आल्या’ एवढंच लिही, तेवढंच मी केलं.

सत्काराची चौकट एसटीच्या पार्सलने पाठवली आहे. आतला कागद काढून घेतला. काच धड आहे. दुरुस्तीचं पान तिच्यात घाल आणि विभागात लाव, जिथे येणाऱ्या मुलांना दिसेल तिथे. शाल मी ठेवून घेतली आहे. ती शाल आहे, तेवढीच आहे, आणि इथे पावसाळ्यात गारवा असतो.

गुरुपौर्णिमा २१ तारखेला आहे. यायचं असेल तर ये. पेढे आणू नको, हार आणू नको. भावना वांग्याची भाजी करणार आहे.

येताना पेन्सिल आण. केन्याची बी माझ्याकडे आहे.

सुभद्रा काळबांडे